मोटारीचा स्टिरिओ बंद पडतो तेव्हा: चावीची वीज, बॅटरीची वीज आणि अर्थिंग तपासण्याची रीत

मोटारीतला स्टिरिओ बंद पडला, खड्ड्यातून जाताना बंद-चालू होऊ लागला किंवा रोज सकाळी घड्याळ आणि रेडिओची स्थानके विसरू लागला, की यंत्रच खराब झाले असे समजून अनेक जण नव्या यंत्राच्या किमती पाहू लागतात. अशा तक्रारींपैकी पुष्कळांचे मूळ यंत्राच्या पाठीमागे येणाऱ्या तीन तारांत असते: बॅटरीकडून कायम येणारी वीज, चावी फिरवल्यावर येणारी वीज आणि अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट देणारी तार. या तीन तारांवर, चावीच्या प्रत्येक स्थितीत आणि भार चालू असताना, किती व्होल्ट मिळतात हे मोजून झाल्याशिवाय दुसरे काहीही बदलू नये. दुकानदार आधी यंत्र बदलून पाहतो, कारण त्याला ते सोपे जाते. मालकाला ते महाग पडते.

साहित्य फारसे लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर हवा. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. त्याच्या जोडीला इंडिकेटरमध्ये असतो तसा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घेऊन त्याला दोन लांब तारा जोडून ठेवाव्यात. हा बल्ब मीटरइतकाच, किंबहुना काही ठिकाणी मीटरपेक्षा अधिक, उपयोगी पडतो. त्याचे कारण पुढे येईल. डॅशबोर्डची पट्टी काढण्यासाठी प्लॅस्टिकची पाती, बॅटरीच्या टर्मिनलसाठी १० नंबरचा पाना आणि जोड पक्के करण्यासाठी क्रिंपचे (तारेवर दाबून बसवायचे) टर्मिनल व उष्णतेने आकसणारी स्लीव्ह एवढे पुरे.

मोजमाप करताना बॅटरी जोडलेली असावीच लागते, पण तार कापताना, सोलताना किंवा जोडताना चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी. काही कंपनी-स्टिरिओ वीज तोडल्यावर सुरक्षा कोड मागतात, म्हणून तो कोड आधीच शोधून ठेवावा. एअरबॅगच्या तारा आणि कपलर (तारा एकमेकींना जोडणारे प्लग) बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना मीटरचे टोक किंवा बल्ब चुकूनही लावू नये. स्टिरिओची तारही पिवळी असते, त्यामुळे स्टिअरिंगच्या खाली हात घालणाऱ्याने हा फरक विशेष ध्यानात ठेवावा.

चावीच्या चार स्थिती

चावी लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट अशा चार टप्प्यांत फिरते. एसीसीवर स्टिरिओ आणि चार्जरचे सॉकेट अशा किरकोळ गोष्टी चालतात. ऑनवर इंजिनाचे नियंत्रण, इंधनपंप आणि मीटरचे दिवे जागे होतात. स्टार्टवर सेल्फ फिरतो. बटणाच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबले की एसीसी आणि दुसऱ्यांदा दाबले की ऑन येते.

सेल्फ मारताना बहुतेक गाड्यांत एसीसीची वीज मुद्दाम तोडलेली असते, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळते आणि त्या क्षणी घसरणारे व्होल्टेज स्टिरिओपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे गाडी सुरू करताना गाणे क्षणभर थांबणे हा दोष नव्हे. मात्र गाणे थांबून घड्याळच शून्यावर गेले किंवा मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ अगदी पहिल्यापासून सुरू होऊ लागला, तर कायमची वीजही त्या क्षणी तुटते आहे असे धरावे. मग सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवरच व्होल्टेज पाहावे. बंद गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ असतो आणि सेल्फ मारताना तो १० च्या आसपास उतरतो. तो ९.६ च्याही खाली जात असेल, तर डॅशबोर्ड उघडण्याचे कारण नाही. आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहावेत.

तारांचे रंग आणि त्यांवर किती विसंबावे

बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या हार्नेसमध्ये, म्हणजे त्याच्या तारांच्या जुडग्यात, पिवळी तार कायमच्या विजेची, लाल तार चावीच्या विजेची आणि काळी तार अर्थिंगची असते. निळी तार अँटेनाला आणि पांढरी पट्टी असलेली निळी तार अँप्लिफायरला जागे करते. नारिंगी तार हेडलाइट लावल्यावर पडद्याची प्रभा कमी करण्यासाठी असते. स्पीकरच्या जोड्या पांढरी पुढे डावीकडे, राखाडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे आणि जांभळी मागे उजवीकडे अशा असतात, व प्रत्येक जोडीतल्या निगेटिव्ह तारेवर काळी पट्टी असते.

हे रंग स्टिरिओच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग कंपनी आपल्या सोयीने ठरवते, आणि तेथे लाल तार दिसली म्हणून ती चावीची असे मानणे हे निम्म्या चुकीच्या जोडण्यांचे मूळ असावे. गाडीच्या बाजूची प्रत्येक तार मीटर लावूनच ओळखावी. आयएसओ १०४८७ या मानकाचा आठ पिनांचा काळा वीज-कपलर असेल तर चौथ्या पिनवर कायमची वीज, सातव्यावर चावीची आणि आठव्यावर अर्थिंग असते; परंतु काही फोक्सवॅगन आणि आउडी गाड्यांत चौथी आणि सातवी पिन नेमक्या उलट येतात. म्हणूनच अनेक हार्नेसमध्ये लाल आणि पिवळ्या तारेवर ओढून काढता येणारे गोल जोड दिलेले असतात, जेणेकरून काहीही न कापता त्यांची अदलाबदल करता यावी.

पहिले मोजमाप

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, अथवा रंग नसलेल्या आणि बॉडीला घट्ट बसलेल्या बोल्टला लावावे. स्टिरिओचा कपलर काढून गाडीच्या बाजूच्या पिनांना लाल टोक लावत चावी एकेक स्थितीत फिरवावी आणि आकडे कागदावर लिहावेत. कायमच्या तारेवर चारही स्थितींत बॅटरीइतके व्होल्टेज हवे. चावीच्या तारेवर लॉकमध्ये शून्य, एसीसी आणि ऑनमध्ये बॅटरीइतके आणि बहुतेक गाड्यांत स्टार्टमध्ये शून्याजवळचा आकडा हवा. एखादी तार हेडलाइट लावल्यावरच जिवंत होत असेल तर ती प्रकाशाची आहे. दिवे लावल्याशिवाय स्टिरिओ सुरूच होत नाही ही तक्रार याच तारेला लाल तार जोडल्याने येते.

या कागदावरून लक्षणांचा उलगडा बऱ्याच अंशी होतो. चावी काढल्यावर सगळ्या नोंदी पुसल्या जात असतील तर लाल व पिवळी तार एकमेकींच्या जागी गेली आहे किंवा दोन्ही तारा चावीच्या विजेवर जोडल्या आहेत. अदलाबदल झाली असल्यास आणखी एक खूण मिळते: बहुतेक स्टिरिओंत लाल तार फक्त इशारा देते आणि खरा प्रवाह पिवळ्या तारेतून जातो, त्यामुळे आवाज वाढवताच सगळा भार एसीसीच्या फ्यूजवर येऊन तो उडू शकतो. चावी काढूनही स्टिरिओ चालूच राहत असेल, तर दोन्ही तारा कायमच्या विजेवर आहेत. ही जोडणी काही फिटर मुद्दाम करतात, कारण एसीसीची तार शोधण्याचा त्रास वाचतो आणि ग्राहकही चावीविना गाणी ऐकता येतात म्हणून खूश होतो. पण बंद दिसणारा स्टिरिओ अर्धा अँपियर जरी घेत राहिला तरी दिवसाला १२ अँपियर-तास खर्च होतात, आणि छोट्या गाडीची ३५ अँपियर-तासांची बॅटरी तीन दिवसांच्या आत रिकामी होते.

स्टिरिओ एसीसीवर बंद आणि ऑनवर चालू असेल, तर लाल तार इंजिनाच्या विजेवर जोडलेली असते किंवा इग्निशन स्विचमधला एसीसीचा संपर्क झिजलेला असतो. पहिल्या प्रकारात सेल्फ मारतानाही स्टिरिओला वीज मिळत राहते आणि घसरलेल्या व्होल्टेजमुळे तो अडकून बसू शकतो. शिवाय गाडी उभी करून गाणी ऐकताना इंजिनाची यंत्रणाही विनाकारण जागी राहते. दुसऱ्या प्रकारात चावी हलकेच हलवून पाहावी. मीटरवरचा आकडा चावीबरोबर नाचत असेल तर स्विच संशयित ठरतो, आणि चावीला मोठा जुडगा लटकवण्याची सवय असलेल्यांच्या गाडीत तर अधिकच. अनेक गाड्यांत स्विचचा विजेचा भाग कुलपापासून वेगळा मिळतो. तेवढाच बदलता आला तर चावी बदलावी लागत नाही.

मीटर बारा व्होल्ट दाखवतो, तरी यंत्र चालत नाही

येथे पुष्कळ जण फसतात. डिजिटल मल्टिमीटर मोजताना जवळजवळ प्रवाहच घेत नाही. तारेतले सगळे धागे तुटून एकच उरला असेल, किंवा कपलरच्या पिनेवर हिरवट गंज चढला असेल, तरी मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो, कारण तेवढ्या सूक्ष्म प्रवाहाला तो एक धागा पुरतो. स्टिरिओने दोन-चार अँपियर मागताच मात्र व्होल्टेज कोसळते. म्हणून गाडीच्या बाजूच्या कायमच्या विजेची पिन आणि अर्थिंगची पिन यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब लावावा. तो सुमारे पावणेदोन अँपियर घेतो. बल्ब लखलखीत पेटला आणि त्या वेळी मीटरवरचा आकडा फारसा खाली आला नाही, तर दोन्ही तारा धडधाकट आहेत. बल्ब मिणमिणला, तर त्याचे एक टोक अर्थिंगच्या पिनेवरून काढून बॉडीच्या स्वच्छ बोल्टला लावावे. लगेच उजळला तर अर्थिंग वाईट, तसाच राहिला तर विजेची तार वाईट. हीच परीक्षा चावीच्या पिनेवरही घ्यावी. स्टिरिओकडून बाहेर जाणाऱ्या निळ्या तारांना मात्र हा बल्ब लावू नये, कारण त्यांतून फार थोडा प्रवाह मिळतो आणि जास्त भार पडल्यास स्टिरिओच्या आतला भाग जळतो.

अर्थिंगची तपासणी अनेक जण मीटरच्या बीपवर सोडून देतात. काळ्या तारेपासून बॉडीपर्यंत बीप वाजला की अर्थिंग चांगले, असा तो समज आहे. बीप अर्ध्या ओहमलाही वाजतो, आणि पाच अँपियर प्रवाह अर्ध्या ओहमच्या जोडातून गेला की अडीच व्होल्ट तेथेच खर्च होतात, बॅटरीचे १२.४ व्होल्ट यंत्रापाशी ९.९ उरतात आणि यंत्र स्वतःला बंद करून घेते. आवाज कमी असताना सर्व ठीक आणि ढोलाच्या ठेक्याबरोबर स्टिरिओ बंद, ही तक्रार बहुतांशी अशीच निर्माण होते. योग्य मोजमाप असे: स्टिरिओ जोडून मोठ्या आवाजात चालू ठेवावा, मीटरचे एक टोक स्टिरिओच्या मागच्या काळ्या तारेच्या जोडावर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर लावावे, आणि मिळणारा आकडा पाहावा. तो ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.३ किंवा त्याहून जास्त असेल तर काळी तार सध्याच्या जागेवरून काढून डॅशबोर्डमागच्या धातूच्या पट्टीला, रंग खरवडून, गोल टर्मिनल लावून बोल्टने घट्ट बसवावी. कोकणात किनाऱ्यालगत वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत खारी हवा हे बोल्ट लवकर खाते, तेथे जोडावर थोडे ग्रीस लावलेले बरे.

अर्थिंग तुटूनही स्टिरिओ चालू राहू शकतो, ही गोष्ट दिशाभूल करणारी आहे. काळी तार सुटली की यंत्र अँटेनाच्या किंवा अँप्लिफायरच्या केबलवरच्या जाळीतून अर्थिंग शोधून घेते, आणि मग घरघर, अँटेना काढताच स्टिरिओ बंद होणे, क्वचित केबल तापणे असे विचित्र प्रकार दिसतात. अँटेनाची पिन काढून स्टिरिओ चालतो का, हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

फ्यूज

दोन फ्यूज तपासावे लागतात, एक स्टिरिओच्या पाठीवरचा आणि दुसरा गाडीच्या फ्यूजबॉक्समधला; कायमच्या विजेचा आणि एसीसीचा फ्यूज गाडीत निरनिराळे असतात. अनेक गाड्यांत कायमची वीज छतावरच्या दिव्याच्या फ्यूजमधून आणि एसीसी चार्जर-सॉकेटच्या फ्यूजमधून येते, त्यामुळे स्टिरिओबरोबर छताचा दिवाही गेला आहे की सॉकेटही गेले आहे, हे पाहिले की शोध निम्मा होतो. सॉकेटमध्ये पडलेले नाणे किंवा स्वस्तातला चार्जर एसीसीचा फ्यूज उडवतो आणि दोष बिचाऱ्या स्टिरिओवर येतो. पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडे ठिपके असतात; वीज चालू असताना दोन्ही ठिपक्यांवर बारा व्होल्ट मिळाले तर फ्यूज शाबूत आहे, तो उपसण्याची गरज नाही.

नवा फ्यूजही उडत असेल तर मोठ्या क्षमतेचा टाकू नये. १० अँपियरच्या जागी २० चा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळते. स्टिरिओचा कपलर काढून नवा फ्यूज बसवावा. तरीही उडाला तर शॉर्ट गाडीच्या वायरिंगमध्ये आहे. टिकला तर स्टिरिओ किंवा त्याचे हार्नेस दोषी आहे. शॉर्ट शोधण्यासाठी एकामागून एक फ्यूज जाळण्याऐवजी फ्यूजच्या दोन पिनांना तोच २१ वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण पेटतो. हार्नेस हलवत, कपलर एकेक काढत गेले की ज्या क्षणी तो विझतो तेथे दोष सापडतो. हेडलाइट लावल्यावरच फ्यूज उडत असेल तर उघडी राहिलेली नारिंगी तार कोठे तरी धातूला टेकते आहे. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली तार आणि काचेच्या कडेने फ्यूजबॉक्समध्ये झिरपलेले पाणी, हे दोन्ही संशय डोळ्यांनीच फेडून घ्यावेत.

चावीची तारच नसलेल्या गाड्या

फोक्सवॅगन गटाच्या आणि इतरही काही नव्या गाड्यांत स्टिरिओपर्यंत एसीसीची स्वतंत्र तार येतच नाही; चावी फिरली हा निरोप कॅन-बस नावाच्या वळलेल्या दोन तारांवरून संदेशाच्या रूपाने येतो. अशा गाडीत लाल तारेसाठी वीज शोधत बसलेला माणूस हमखास चुकीच्या तारेला हात घालतो. मीटरवर सुमारे अडीच व्होल्ट दाखवणारी वळलेल्या जोडीतली तार सापडली तर ती कॅनची असण्याची शक्यता मोठी आहे. तिला बल्ब लावू नये, ती सोलू नये. त्या गाडीसाठी बनवलेला कॅन-अडॅप्टर घ्यावा, तो संदेश वाचून बारा व्होल्टची एसीसी स्वतः तयार करतो. अडॅप्टर नकोच असेल तर एसीसी किंवा ऑनवर जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा तार काढून देणारा जोड) वापरून, स्वतंत्र फ्यूजसह लाल तार आणता येते.

स्पीकर आणि आवाजाच्या तक्रारी

वीज व्यवस्थित असूनही आवाज येत नसेल किंवा पडद्यावर प्रोटेक्ट असे येत असेल, तर स्पीकरच्या तारा पाहाव्यात. आजच्या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही तारांवर अँप्लिफायरचा आउटपुट असतो, म्हणून निगेटिव्ह तार बॉडीला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या निगेटिव्हला जोडणे हा सरळ शॉर्ट ठरतो. स्टिरिओ सोडवून प्रत्येक जोडीचा रोध मोजावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३ ते ४ दाखवतो, आणि कोणत्याही स्पीकर-तारेपासून बॉडीपर्यंत मीटरने काहीच दाखवू नये. दाखवले तर दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत तार चिमटली असण्याचा संभव सर्वांत जास्त आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी बहुधा अर्थिंगमधून येते. स्टिरिओ आणि अँप्लिफायर यांचे अर्थिंग सुधारावे आणि वीज-तार व सिग्नलची केबल गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यावी. नवा स्टिरिओ बसवल्यावर रेडिओ खरखरू लागला, तर अँटेनाच्या बूस्टरला निळ्या तारेची वीज मिळाली आहे का ते पाहावे.

जोड आणि शेवटची तपासणी

दोष सापडल्यावर तो चिकटपट्टीने झाकला जाऊ नये. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकते आणि उघडी तार शेजारणीला टेकते. क्रिंप करावा किंवा सोल्डर करून वर स्लीव्ह आकसवावी. वापरात नसलेली प्रत्येक तार, विशेषतः नारिंगी आणि निळ्या, वेगवेगळी बंद करावी. गाडीचा मूळ कपलर कापण्याचे समर्थन मला करता येत नाही. बहुतेक गाड्यांसाठी तयार जुळणारा कपलर मिळतो आणि तो वापरला तर वॉरंटीचा वादही उद्भवत नाही.

पॅनेल बसवण्याआधी बॅटरीतून झिरपणारा प्रवाह मोजावा. चावी काढून, दरवाजे बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी आणि मीटर १० अँपियरच्या सॉकेटवर लावून केबल व टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. या अवस्थेत चावी फिरवू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. गाडीतली सर्व यंत्रणा झोपायला अर्धा तास लागू शकतो; त्यानंतरचा आकडा ५० मिलिअँपियरच्या आत असावा. जास्त असेल तर स्टिरिओचा फ्यूज उपसावा. आकडा लगेच उतरला तर लाल तार अजूनही कायमच्या विजेवर आहे किंवा अँड्रॉइड स्टिरिओच्या सेटिंगमध्ये झोपेचा कालावधी फार लांब ठेवलेला आहे. उतरला नाही तर स्टिरिओ निर्दोष असून उरलेले फ्यूज एकेक उपसून वीज खाणारा खरा भाग शोधावा.